पट्टी कशाची

सोहारचा जळीत कक्ष, खाट सात.
बाहुबली मगदूम, मुक्काम नांद्रे, तालुका मिरज.
वाफेचा नळ फुटला तेव्हा
उजवा हात पुढे होता.
परवा मांडीची कातडी काढून हाताला लावली.
आता जखमा दोन :
एक कंपनीची, एक आमची.

आमची अजून पाझरते आहे.
मी पाकीट फाडते.
तो विचारतो, "सिस्टर, हे कशाचं?"

आठ वर्षं झाली मला इथं.
दुखेल का विचारतात, किती दिवस विचारतात,
पगार कापतील का, हेसुद्धा मलाच विचारतात.
कशाचं, हे पहिल्यांदा.

"कोळंबीच्या सालांचं," मी सांगते.
"सालं धुतात, आम्लात बुडवतात, क्षारात उकळतात,
वास जातो, रंग जातो,
उरतं त्याला रक्त धरून बसतं."

मांडी काढून घेता येत नाही त्याला,
म्हणून तो नजर काढून घेतो.
"आमच्यात चालत नाही," खिडकीला सांगतो.
खिडकीत बंदराच्या क्रेन, त्यांचं काही म्हणणं नाही.

मी कपाट उघडते.
एका खोक्यात बैलाचं कोलॅजन. ते मीच मागे सारते.
एकात मध.
तो मान हलवतो : माश्यांची चोरी.
सगळ्यात खाली, कापसाच्या लोकरीसारखं काहीतरी.
"हे शेवाळाचं. थंड समुद्रातलं, खडकाला चिकटून वाढणारं."
"म्हणजे भाजी?"
"भाजीच म्हणा."
डाव्या हाताच्या पेरांवर तो तिथी मोजतो.
"आज चतुर्दशी. आज हिरवं नाही खात."
"तपकिरी आहे," मी म्हणते, "आणि खायचं नाहीये."

हसला. हसताना मांडी ओढली गेली,
तरी हसला.

कोरडी असते ही पट्टी. जखमेचं पाणी प्याली
की विरघळून मऊ होते, खरवसासारखी थरथरते.
ती ओल धरून ठेवते, इतकंच.
बाकीचं काम कातडी करते,
कडेकडेनं सरकत, रात्रपाळीला,
मुकादम नसतानाही.

एक गोष्ट मी त्याला सांगत नाही.
मिरकरवाड्याच्या शेडमध्ये पहाटे तीनपासून
आय कोळंबी सोलायची, किलोवर पैसे.
डोक्याचा काटा नखाखाली जायचा.
बर्फात बोटं फुगून पांढरी, मधे मधे चिरलेली.
घरी आली की तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसायची
आणि मला म्हणायची, तूच भरव आज.
सालं ट्रॅक्टर भरून जायची. खताला, म्हणायचे.
खतालाच गेली असतील.
तळहाताएवढा हा तुकडा चार रियालला पडतो.
एकदा मी हिशेब मांडला होता, किती किलो सोलावी लागेल.
मग कागद फाडला.

अकराव्या दिवशी सलाईन ओतलं,
पट्टी न ओढता निघून आली.
खाली गुलाबी, चकचकीत,
अजून कुणाची ओळख नसलेली कातडी.
बाहुबली बराच वेळ बघत राहिला.
"आणि ते शेवाळ कुठं गेलं?"
पिवळ्या पिशवीत, पिशवी भट्टीत.
भाजलेल्या माणसाला भट्टी सांगायची नसते.
"पाण्यात," मी म्हटलं.
त्याला ते पटलं.

ते पहिलं पाकीट, फाडून न वापरलेलं,
नियमाप्रमाणे टाकून द्यायचं होतं.
मी खिशात घातलं होतं.
रात्री व्हिडिओ कॉल लागला.
आय हल्ली हात कॅमेऱ्यात येऊ देत नाही,
पदराखाली ठेवते.
मी तुकडा स्क्रीनसमोर धरला.
डोळे बारीक करून तिनं पाहिलं.
"पापड काय गो?
तळून बघ, किती फुलतो."